हिमनदीवरचा थर्मामीटर आत्ता काढू नका: मोजमापाचा निधी ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
हिमनद्यांवरच्या हवामान स्टेशनांना पैसे देणाऱ्या आणि ते पैसे कधी थांबवायचे हे ठरवणाऱ्या सगळ्या समित्या, सरकारी खाती आणि संस्था

नमस्कार,

गेल्या महिन्यात एका हिमनदीवरचं ऑटोमॅटिक हवामान स्टेशन बंद करायचं ठरलं. कळवणाऱ्या मेलमध्ये कारण दोनच ओळींचं होतं. खालच्या दरीत स्टेशन आहे, त्यावरून वरचं तापमान काढता येतं, आणि बर्फ किती कमी झाला ते उपग्रहातून दिसतंच, त्यामुळे बर्फावरच्या स्टेशनचा खर्च पुढे चालू ठेवायची गरज नाही. कुठली हिमनदी, कुठली संस्था हे मी लिहीत नाहीये, कारण भांडण एका संस्थेशी नाहीये. असाच निर्णय उद्या दुसरीकडे होऊ शकतो, याच दोन ओळी लिहून, आणि वाचणाऱ्याला त्या पटतीलही. मला पटल्या नाहीत, आणि का पटल्या नाहीत ते चारचौघांसमोर सांगावं म्हणून हे पत्र.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. गेली नऊ वर्षं त्या स्टेशनचा डेटा साफ करायचं काम माझ्याकडे आहे. ऐकायला सोपं वाटतं पण बर्फावर उभं केलेलं स्टेशन जमिनीवरच्या स्टेशनसारखं नसतं, त्याच्या पायाखालची जमीनच वितळत असते. उन्हाळ्यात तिवई कलते, दोन मीटर उंचीवर लावलेला सेन्सर बर्फ खाली गेल्यामुळे तीन मीटरवर जातो, कधी ताज्या बर्फात अर्धा गाडला जातो, सोलर पॅनेलवर बर्फ साचला की बॅटरी उतरते, वारा मोजणारी पंखी हिमकणांनी गोठून बसते आणि आकडे मात्र शून्य शून्य असे येतच राहतात. वारा पडलेला असेल आणि ऊन कडक असेल तर बर्फावरून उलटलेला प्रकाश सेन्सरच्या पांढऱ्या कवचात शिरतो आणि तापमान खोटंच जास्त दाखवतं, ते हाताने शोधून बाजूला काढावं लागतं. बर्फात खोल भोक पाडून बांबूच्या काठ्या रोवतात, पुढच्या खेपेला काठी किती उघडी पडली ते मोजतात, तो आकडाही माझ्याकडे येतो. सांगायचं एवढंच की या डेटाची प्रत्येक ओळ कुणीतरी वर चालत जाऊन, बोटं बधिर करून मिळवलेली आहे आणि मी ती प्रत्येक ओळ पाहिलेली आहे, त्यामुळे ती गरजेची नाही असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

आता मुद्द्यावर येते.

दरीतल्या स्टेशनवरून हिमनदीवरचं तापमान काढता येतं, हे म्हणणंच चुकीचं आहे. साधा हिशोब असा करतात की दर शंभर मीटर वर गेलं की साधारण ०.६५ अंश कमी करायचं, झालं. उघड्या डोंगरउतारावर हे बऱ्यापैकी चालतं. पण वितळणाऱ्या बर्फाचा पृष्ठभाग शून्य अंशावर अडकलेला असतो, हवा कितीही तापली तरी तो शून्याच्या वर जाऊच शकत नाही, येणारी सगळी उष्णता वितळण्यात खर्च होते. आणि ती खूप लागते, एक किलो बर्फाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी पुढे शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापवता येईल. तर उन्हाळ्यात वरून आलेली कोमट हवा या शून्य अंशाच्या लादीला टेकते, थंड होते, थंड झाली की जड होते, जड झाली की उतारावरून खाली घसरायला लागते. हा हिमनदीचा स्वतःचा वारा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, जेव्हा दरीतला वारा वर चढत असतो, तेव्हा बर्फावर हा वारा उलट खाली वाहत असतो आणि बर्फालगतच्या काही मीटर हवेचं तापमान शेजारच्या खडकावरच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी कमी असतं. हिमनदी मोठी, तेवढी हवा जास्त वेळ बर्फावरून वाहते, तेवढी थंड होते. हे दरीतल्या स्टेशनला दिसत नाही. उपग्रहाला बर्फाची उंची दिसते, रंग दिसतो, पृष्ठभागाचं तापमानही दिसतं, पण बर्फाच्या दोन मीटर वरची हवा तासातासाला कशी बदलते आणि वारा कुठून कुठे जातोय हे दिसत नाही.

यातूनच ती गोष्ट पुढे आली जिच्यामुळे सगळा गोंधळ झाला असं मला वाटतं. एव्हरेस्टच्या पायथ्याशी, खुंबू हिमनदीच्या बाजूला ५०५० मीटरवर पिरॅमिड नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे १९९४ पासून तासातासाच्या हवामान नोंदी आहेत. एवढ्या उंचीवर एवढी लांब आणि सलग मालिका फार दुर्मीळ. २०२३ च्या शेवटी त्या नोंदींवरचा अभ्यास छापून आला आणि त्यात दिसलं की तिथलं कमाल तापमान तीन दशकांत वाढण्याऐवजी घटलंय. अभ्यास करणाऱ्यांचा कयास असा की जग तापल्यामुळे बर्फ आणि हवा यांच्या तापमानातली तफावत वाढली, उष्णतेची देवाणघेवाण वाढली, घसरणारा वारा जोरात वाहायला लागला आणि त्याने वरची थंड हवा खाली ओढली. म्हणजे तापमानवाढीमुळेच तिथे गारवा आला. हे वाचून मला स्वतःला आठवडाभर दुसरं काही सुचलं नव्हतं, आमच्या डेटातल्या ज्या उन्हाळी दुपारी मी सेन्सर बिघडला म्हणून संशयित ठरवल्या होत्या त्या परत उघडून बघितल्या.

पण बातम्यांमध्ये काय आलं, तर हिमनद्या स्वतःला वाचवतायत, हिमनद्या लढतायत. आणि तिथून पुढे समित्यांच्या बैठकांमध्ये हे वाक्य आलं की त्या उंचीवर तापमानवाढीचा परिणाम अजून नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. त्याच अभ्यासात पुढे हेही होतं की जोर वाढलेल्या वाऱ्यामुळे खालचा उबदार वारा आणि वरचा थंड वारा जिथे भेटतात ती जागा खाली सरकली, त्यामुळे हिमनदीच्या भागात पाऊस-बर्फ कमी पडायला लागला, आणि हे हिमनदीच्या तब्येतीला वाईटच. तिला वरून खुराक मिळतो तो नव्या बर्फाचाच, तो कमी झाला तर दुपार थोडी गार असून उपयोग काय. घाम आलेल्या माणसाचं अंग गार लागतं म्हणून त्याचा ताप गेला असं आपण म्हणत नाही, पुन्हा थर्मामीटर लावतो.

आणि हा गारवा टिकणारा नाहीये. २०२५ मध्ये जगातल्या ६२ हिमनद्यांवरच्या ३५० स्टेशनांचा डेटा एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात सरासरी असं निघालं की आजूबाजूची हवा १ अंशाने तापली तर हिमनदीच्या पृष्ठभागालगतची हवा साधारण ०.८३ अंशाने तापते. म्हणजे बचाव आहे, पण बघा किती थोडा आहे. पुढचं जास्त महत्त्वाचं. हा थंड करायचा परिणाम २०२० ते २०४० च्या दशकांमध्ये कधीतरी सगळ्यात जास्त होईल आणि मग कमी कमी होत जाईल, कारण हिमनद्या लहान होतील, तुटून तुकडे होतील, हवेला बर्फावरून वाहायला लांबी उरणार नाही, बाजूचा उघडा पडलेला काळा खडक तापून त्यांच्या अंगावर गरम हवा सोडेल, दरीतला वारा वर चढून तो पातळ थंड थर खरवडून टाकेल. तेव्हा उरलेला बर्फ बाहेरच्या तापमानाला थेट सामोरा जाईल. म्हणजे हा बदल नेमका पुढच्या वीसेक वर्षांत घडणार आहे आणि तो कधी, कुठे, किती वेगाने घडतोय हे फक्त बर्फावर उभ्या असलेल्या स्टेशनलाच कळणार आहे, आणि आपण नेमकं आत्ताच ते उतरवतोय! पंधरा वर्षांनी हवं असेल तेव्हा परत बसवू, असं मला एकाने समजावलं. पंधरा वर्षांनी बसवाल तेव्हा मधल्या काळाची नोंद कुठून आणाल?

हे घडलेलं आहे आधी. किर्गिझस्तानातल्या अब्रामोव हिमनदीवर १९६० च्या दशकाच्या शेवटापासून मोजमाप सुरू होतं, सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या काळात नव्वदच्या दशकाअखेर ते थांबलं आणि २०११ मध्ये परत सुरू झालं. मधली दहा-बारा वर्षं उपग्रह चित्रांवरून आणि मॉडेलवरून जोडून घ्यावी लागतात, लोकांनी कष्टाने जोडलीसुद्धा, पण जोडलेलं ते जोडलेलंच. याउलट कझाकस्तानातल्या तुयुकसू हिमनदीची मालिका १९५७ पासून चालू आहे, स्वीडनमधल्या स्टोरग्लासियरेनची १९४५-४६ पासून. जगात २ लाख ७५ हजारांपेक्षा जास्त हिमनद्या आहेत आणि त्यातल्या ६२ हिमनद्यांवरून आपल्याला हवेचा एवढा अंदाज आला. त्यातली एकही कमी करायची ऐपत आपल्याला नाही.

मॉडेल आहेत ना, असंही म्हणतात. आहेत, आणि चांगली आहेत, माझे स्वतःचे सहकारी ती चालवतात. पण मॉडेलला वितळण्याचा हिशोब शिकवायचा तो बर्फावरच्याच नोंदींवरून, आणि हा हिशोब जागोजागी वेगळा आहे. ताजा बर्फ आलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के परत पाठवतो, उघडा पडलेला जुना बर्फ तीस-चाळीस टक्के, त्यावर धूळ-काजळी बसली की त्याहून कमी. त्यामुळे एका जून महिन्यात बर्फ पडला की पाऊस, यावर अख्ख्या वर्षाचा निकाल फिरू शकतो. मान्सूनच्या हिमालयात तर ही जास्तच नाजूक गोष्ट आहे, तिथे हिमनद्यांना बर्फ मिळतो तो मुख्यतः उन्हाळ्यात, वितळण्याच्याच मोसमात, आणि तापमान जरा वर सरकलं की तोच बर्फ पाऊस होऊन पडतो, म्हणजे खुराकही गेला आणि पांढरं पांघरूणही गेलं. बर्फावर पसरलेल्या दगडगोट्यांचं वेगळंच. पातळ थर असेल तर तो तापून खालचा बर्फ लवकर वितळवतो, जाड असेल तर गोधडीसारखा बर्फाला झाकतो, आणि मग त्याच जाड थराच्या मध्ये मध्ये बर्फाचे उघडे कडे आणि छोटी तळी तयार होतात तिथून वितळणं पुन्हा जोरात. हे सगळं खालच्या दरीतल्या एका थर्मामीटरवरून काढता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस वर येऊन दगडांवर उभं राहावं आणि मग पन्नास पावलं चालून उघड्या बर्फावर उभं राहावं, फरक अंगाला कळतो.

नुकसान किती झालंय ते थोडक्यात लिहिते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर हे आकडे असतातच. २००० ते २०२३ या काळात जगातल्या हिमनद्यांनी दर वर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला, आणि या काळाच्या दुसऱ्या अर्ध्यात वेग पहिल्या अर्ध्यापेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त होता. मध्य युरोपातल्या हिमनद्यांचा ३९ टक्के बर्फ एवढ्यात गेला. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून दहा टक्के. काराकोरमबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की तिथल्या हिमनद्या टिकून आहेत, काही तर वाढतायत, आता तिथेही बर्फ घटण्याकडे कल दिसायला लागलाय. स्थानिक अपवाद हा कायमचा नसतो हे एकदा काराकोरमने दाखवलं, आता गार वाऱ्याच्या बाबतीत तेच परत शिकायची वेळ येऊ नये एवढंच म्हणणं आहे.

दुसरी तक्रार खाली राहणाऱ्या माणसांच्या वतीने, जरी त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही. मोजमाप म्हणजे फक्त संशोधकांची हौस असं बोललं जातं ते मला फार लागतं. २८ मे २०२५ ला स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावावर बर्च हिमनदी आणि वरचा खडक कोसळला, गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. पण नऊ दिवस आधी साधारण ३०० लोकांना गावातून हलवलेलं होतं, कारण डोंगर आणि हिमनदी सरकतेय हे कुणीतरी मोजत होतं. एक माणूस गेला, तेही वाईटच, पण विचार करा मोजलं नसतं तर काय झालं असतं. आणि दुसरीकडे सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव, ऑक्टोबर २०२३. काठावरचा गोठलेला हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, तलावात घसरला, तलाव फुटला, तीस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं. त्या तलावावर कॅमेरा आणि हवामान यंत्रं बसवायचं काम त्याच्या जेमतेम काही आठवडे आधी सुरू झालं होतं, लोकांना वेळेत इशारा देणारी व्यवस्था पूर्ण व्हायची राहिली होती. काही आठवडे! तो तलाव धोकादायक आहे हे जाणकार त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून लिहीत होते. पैसे मंजूर व्हायला लागलेला वेळ कुणाच्या तरी आयुष्यातून वजा होतो, हे मी चिडून लिहीत नाहीये, हे असं आहे म्हणून लिहितेय.

पाण्याचंही सांगायला हवं. हिमनदी आटायला लागली की सुरुवातीला नदीत पाणी वाढतं, कारण वितळणं वाढलेलं असतं. ते एका टप्प्यापर्यंत वाढतं आणि मग बर्फच कमी उरल्यामुळे घटायला लागतं. आज पाणी भरपूर दिसतंय म्हणून पुढच्या पन्नास वर्षांचं नियोजन त्यावर करणं म्हणजे बँकेतली मुद्दल काढून खर्च करताना उत्पन्न वाढलंय असं समजणं. हिमनदीनिहाय तो उच्चबिंदू कधी येणार हे काढायला परत तेच लागतं, बर्फावरची हवा, बर्फावरचा वारा, बांबूची काठी.

आणि एक छोटी तक्रार, छोटी म्हणजे माझ्यासाठी छोटी नाही. नवीन स्टेशन बसवायला पैसे मिळतात, फोटो निघतात, बातमी येते. तेच स्टेशन पाचव्या वर्षी चालू ठेवायला पैसे मागितले की प्रस्तावात नवीन काय असं विचारतात. नवीन काहीच नाही, तेच तर मोल आहे त्याचं. एकाच जागी, एकाच पद्धतीने, वीस-तीस वर्षं. पिरॅमिडच्या नोंदी तीन वर्षांत बंद केल्या असत्या तर तापमानवाढीमुळे गारवा येऊ शकतो ही गोष्ट आपल्याला आजही माहीत नसती. जी माणसं दर मोसमात वर जाऊन तिवई सरळ करतात, केबल बदलतात, त्यांची नावं शोधनिबंधात येत नाहीत आणि त्यांचं मानधन प्रकल्पाच्या शेवटच्या ओळीत असतं, कपात झाली की पहिली तीच ओळ जाते.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

हिमनदीवर जी स्टेशनं आज चालू आहेत त्यातलं एकही निदान २०४५ पर्यंत बंद करू नका. गारवा शिगेला पोचण्याचा आणि ओसरायला लागण्याचा हा काळ आहे, तो पूर्ण नोंदला गेला पाहिजे. एखादं बंद करावंच लागत असेल तर आधी किमान दोन मोसम शेजारच्या खडकावरच्या आणि दरीतल्या स्टेशनबरोबर एकत्र चालवा, म्हणजे निदान जोड तरी खात्रीची असेल.

देखभालीचा निधी संशोधनाच्या निधीतून वेगळा काढा आणि तो तीन वर्षांचा नको, दहा वर्षांचा द्या. वर जाणाऱ्या स्थानिक माणसांना पगार द्या, विमा द्या.

डेटा खुला करा, बिघडलेल्या दिवसांच्या खुणांसकट. कुठल्या दिवशी सेन्सर गाडला गेला होता हे लपवू नका, त्याचा उपयोग होतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचं वर्ष म्हणून पाळलं आणि दर वर्षी २१ मार्च हा हिमनद्यांचा दिवस ठरवला. ज्या ज्या सरकारांनी त्या दिवशी निवेदनं काढली त्यांनी आपापल्या हद्दीत बर्फावर किती स्टेशनं चालू आहेत आणि किती गेल्या दहा वर्षांत बंद झाली हा आकडा दर २१ मार्चला जाहीर करावा.

आणि हिमनद्या स्वतःला थंड ठेवतायत हे वाक्य उत्सर्जन कमी करण्याला उशीर लावायचं कारण म्हणून कुठल्याही सरकारी कागदात वापरू नका. औद्योगिक काळाआधीच्या मानाने १.२ अंश तापमानवाढीवर सगळं थांबलं तरी येत्या शतकांमध्ये जगातल्या हिमनद्यांचा साधारण ३९ टक्के बर्फ जाणारच आहे, आणि १.५ अंशांच्या पुढे प्रत्येक ०.१ अंशामागे आणखी साधारण २ टक्के. तो दशांश अंश हिमनदीवरच्या वाऱ्याच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

आमच्या त्या स्टेशनबद्दल शेवटची विनंती. या मोसमाच्या शेवटी ते उतरवायला चार जणांची टीम वर जाणार आहे, त्यांचा प्रवास, तंबू, सगळ्याचे पैसे आधीच मंजूर झालेत. त्याच टीमबरोबर एक नवीन बॅटरी, एक वारामापक आणि बांबूच्या बारा काठ्या पाठवा. ते तिवई सरळ करून खाली येतील, मी डेटा साफ करायला इथे आहे.

आपली,
हिमनदीच्या नोंदींवर काम करणारी एक